मुलांना परिमिती शिकवताना: पालक आणि शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तिसरी ते पाचवीच्या मुलांना गणित शिकवते. परिमितीचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही पालक विचारतात, काही नव्याने रुजू झालेले शिक्षक, आणि सगळ्यात चांगले प्रश्न मुलं विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मुलं जिथे अडकतात तिथे घाईत पुढे जाणं मला पटत नाही.

परिमिती म्हणजे काय, हे मुलाला एका वाक्यात कसं सांगू?

सांगू नका, चालायला लावा. अंगणात किंवा वर्गाच्या फरशीवर खडूनं एक मोठा आयत आखा. एका कोपऱ्यावर ठिपका काढा, मुलाला तिथे उभं करा आणि रेघेवरूनच चालत पुन्हा ठिपक्यावर यायला सांगा. पावलं मोजायची. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जेवढी चाल झाली, तेवढी त्या आकाराची परिमिती.

सुरुवातीचा ठिपका मी कधीच विसरत नाही. तो नसला की काही मुलं तीन बाजू चालून थांबतात आणि काही पाचवी बाजूही चालून जातात. कागदावरसुद्धा नेमकी हीच चूक दिसते: एक बाजू राहून जाते, किंवा एकच बाजू दोनदा मोजली जाते. फरशीवर ठिपका काढायची सवय लागली की वहीतही मूल आपोआप कोपऱ्यावर खूण करून मोजायला लागतं.

हा शब्दच मुलांना जड जातो. सोपा शब्द वापरला तर चालेल का?

पहिले दोन-तीन दिवस ‘कडेची लांबी’ किंवा ‘भोवतीचं माप’ म्हटलं तरी काही बिघडत नाही. पण ‘परिमिती’ हा शब्द वाटतो तेवढा परका नाही. ‘परि’ म्हणजे भोवती, ‘मिती’ म्हणजे माप. परिक्रमा, परिसर, परिघ हे शब्द मुलांच्या कानावर असतात. त्यातला ‘परि’ दाखवला की शब्द त्यांचा होतो. माझ्या वर्गात एका मुलीनं न विचारता सांगितलं होतं, “बाई, परिसर अभ्यास म्हणजे आपल्या भोवतीचा अभ्यास!” त्या दिवसापासून व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरली नाही.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर ‘पेरिमीटर’ हा शब्दही शेजारी ठेवा. तो ग्रीकमधून आलेला आहे, आणि ग्रीक ‘पेरि’ व संस्कृत ‘परि’ हे एकाच मूळ कुळातले शब्द आहेत. मापासाठीचा ग्रीक शब्द ‘मेट्रॉन’ आणि आपला ‘मिती’ यांचं नातंही तसंच. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा मुलांना ही गोष्ट फार आवडते.

कोणत्या वयात सुरू करावं?

राज्याच्या पाठ्यपुस्तकांत परिमिती आणि क्षेत्रफळ हे चौथी-पाचवीच्या सुमारास जोडीनं येतात. पण भोवतीनं चालणं, दोऱ्यानं कडा मोजणं हे दुसरीतलं मूलही करतं. त्याला वीत, पाऊल, हात ही मापं पुरतात. टेबलाच्या कडेनं किती विती भरल्या, एवढंच. बाबांच्या वितीनं कमी भरल्या आणि माझ्या वितीनं जास्त, हे त्याला दिसलं की सेंटीमीटर कशासाठी लागतो हे वेगळं समजवावं लागत नाही.

सूत्र मात्र थांबू द्या. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोणतं साहित्य लागतं?

सुतळी किंवा जाड दोरा, आइस्क्रीमच्या काड्या, चौकटीची वही, खडू आणि शिवणकामाचा टेप. बस. टेप साधारण १५० सेंटीमीटरचा असतो आणि वळतो, म्हणून लाकडी पट्टीपेक्षा तो मुलांच्या हातात जास्त कामाचा.

दोन बारीक गोष्टी सांगते. लोकर किंवा इलॅस्टिक घेऊ नका. ते ताणलं जातं, आणि प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येतं. दुसरी गोष्ट गाठीची. २४ सेंटीमीटरचा फास हवा असेल तर २७-२८ सेंटीमीटर सुतळी कापा, दोन्ही टोकांपाशी पेनानं खुणा करा आणि खुणा जुळतील अशी गाठ मारा. गाठीत जाणारी सुतळी मोजली नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं, आणि मूल स्वतःला दोष देत बसतं.

कंपासपेटीतली पट्टीही एकदा मुलाबरोबर नीट बघा. बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी कडेला नसते, थोडी आत असते. मूल पट्टीची कड लावून मोजतं, कधी तर १ पासून मोजायला सुरुवात करतं. प्रत्येक बाजूला थोडं थोडं चुकतं आणि चार बाजूंची बेरीज केली की बरंच चुकलेलं असतं.

चौकटीच्या वहीत आयत काढला, तर माझी मुलगी कडेचे चौकोन मोजते आणि उत्तर चुकतं. का?

ही परिमितीतली सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक आहे. इथे शांतपणे वेळ द्या.

४ घरं लांब आणि ३ घरं रुंद असा आयत घ्या. त्याची परिमिती ४ + ३ + ४ + ३ = १४ एकक. आता कडेला लागून असलेली आतली घरं मोजा. ती १० भरतात. मूल ती १० घरं मोजतं आणि “परिमिती १०” असं लिहितं. त्याचं मोजणं बरोबर आहे, फक्त मोजलेली वस्तू दुसरी आहे. परिमितीत घरं मोजायची नसतात, घरांच्या कडा मोजायच्या असतात. कोपऱ्यातल्या घराच्या दोन कडा बाहेर असतात, पण घर म्हणून ते एकदाच मोजलं जातं. म्हणून चार कोपऱ्यांवर चार एकक कमी पडतात: १४ मधून ४ गेले, १० उरले.

उपाय सोपा आहे. आतलं काही मोजायचं नाही. पेन्सिलीचं टोक रेघेवरून सरकवायचं आणि प्रत्येक छोट्या रेघेला एक टिक करायची. मी मुलांना सांगते, एक मुंगी रेघेवरून चालली आहे, घरात शिरायला तिला बंदी आहे. मुंगी वळणावर आली की मुलं स्वतःच म्हणतात, “बाई, ह्या घराला दोन कडा!” हे त्यांच्या तोंडून आलं की चूक गेली असं समजा.

याच्याच पोटात आणखी एक गंमत आहे. ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद वाफ्याला दर मीटरवर एक खांब रोवायचा आहे, कोपऱ्यांवरही. खांब किती लागतील? मुलं एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ५ मोजतात आणि ७ + ५ + ७ + ५ = २४ सांगतात. खरे लागतात २०, कारण कोपऱ्यातला प्रत्येक खांब दोन बाजूंना दोनदा मोजला गेला. सरळ रेषेत कुंपण असेल तर खांब अंतरांपेक्षा एकानं जास्त असतात. रेषा फिरून स्वतःला मिळाली की खांब आणि अंतरं सारखी होतात. काड्या रोवून करून बघा, नुसत्या बोलण्यानं हे पटत नाही.

आकृतीत ८ आणि ५ एवढेच आकडे दिले असतील तर मुलगा ८ + ५ = १३ लिहून मोकळा होतो. त्याला आयत माहीत आहे, तरीही!

आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे त्याला तोंडपाठ आहे, पण बेरीज करताना तो आकृतीकडे बघत नाही, आकड्यांकडे बघतो. दोन आकडे दिसले, मिळवले, झालं.

महिनाभर एक नियम पाळा: उत्तर काढण्याआधी प्रत्येक बाजूवर तिची लांबी लिहायची. पुस्तकानं दिलेली नसली तरी स्वतः लिहायची. चार बाजू, चार आकडे. त्रिकोणाला तीन, पंचकोनाला पाच. शेवटी “बाजू किती? आकडे किती?” असं विचारा आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच बेरजेला हात घालू द्या. थोडं कंटाळवाणं वाटेल, पण ही सवय पुढे वाकड्यातिकड्या आकृत्यांत फार उपयोगी पडते.

सूत्र कधी शिकवावं?

मूल स्वतः कंटाळलं की.

एका वर्षी मला अभ्यासक्रम संपवायची घाई झाली. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: आयताची परिमिती = २ × (लांबी + रुंदी). पोरांनी वहीत उतरवलं, दहा गणितं सोडवली, सगळी बरोबर आली. मी खूश. पुढच्या आठवड्यात त्रिकोण दिला, बाजू ३, ४ आणि ५ सेंटीमीटर. अर्ध्या वर्गानं २ × (३ + ४) = १४ लिहिलं आणि पाचचा आकडा कुणी कशात घेतलाच नाही. चूक मुलांची नव्हती. परिमिती म्हणजे ते सूत्र, असं मीच त्यांना शिकवून ठेवलं होतं.

तेव्हापासून मी उलटी वाट धरते. पंधरा-वीस आयत नुसती बेरीज करून सोडवू देते. ७ + ४ + ७ + ४. १२ + ९ + १२ + ९. मग एखादं मूल म्हणतं, “बाई, दोनच मिळवायचे आणि दुप्पट करायचं, लवकर होतं.” तिथे थांबायचं, त्या मुलाला फळ्यापाशी बोलवायचं आणि त्याची युक्ती सगळ्यांना सांगू द्यायची. सूत्र त्याच्या शब्दांत लिहायचं. चौरसाला ४ × बाजू हेही असंच येतं, बहुतेक वेळा त्याच दिवशी. मग त्याच तासाला त्रिकोण द्या आणि विचारा, “इथे चालेल का ही युक्ती?” नाही चालत, कारण इथे जोड्या नाहीत. कुठे चालतं आणि कुठे नाही, हे कळलं तरच सूत्र कळलं.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांत गोंधळ होतो. काय करावं?

गोंधळ होणारच, आणि तो फार जुना आहे. पॉलिबियस नावाच्या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे की लोक शहराचा आकार त्याच्या भोवतीच्या अंतरावरून ठरवतात आणि फसतात. त्यानं उदाहरण दिलं ते मेगालोपोलिस आणि स्पार्टा या दोन ग्रीक शहरांचं. पहिल्याच्या भोवतीचं अंतर ५० स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप), दुसऱ्याचं ४८, तरीही स्पार्टा दुप्पट मोठं. मोठ्या माणसांना जिथे पटत नव्हतं तिथे नऊ वर्षांचं मूल अडखळलं तर त्यावर रागावू नका.

नुसत्या व्याख्या शेजारी शेजारी लिहून हा गोंधळ जात नाही. हातानं करायचे दोन प्रयोग सांगते. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करा.

पहिल्या दिवशी कडा तेवढीच ठेवायची. २४ सेंटीमीटरचा सुतळीचा फास घ्या आणि चौकटीच्या कागदावर, टाचण्या लावून, त्याचे वेगवेगळे आयत करा. ११ आणि १ बाजूंचा आयत केला तर आत ११ चौरस सेंटीमीटर जागा. १० आणि २ केला तर २०. ९ आणि ३ ला २७, ८ आणि ४ ला ३२, ७ आणि ५ ला ३५, आणि ६ बाजूच्या चौरसात ३६. सुतळी एक मिलिमीटरही वाढली नाही, पण आतली जागा तिपटीहून जास्त झाली. मुलं हे तक्त्यात लिहितात तेव्हा वर्गात एक वेगळीच शांतता असते.

दुसऱ्या दिवशी जागा तेवढीच ठेवायची. १२ सारखे चौरस पुठ्ठ्याचे कापा. एका ओळीत लावले की कडा २६. २ ओळींत ६-६ लावले तर १६. ३ ओळींत ४-४ लावले तर १४. फरशा बाराच, पण भोवतीची पट्टी कधी २६ तर कधी १४.

हे झाल्यावर शब्द आपोआप जागेवर बसतात. भोवतीनं फिरते ती परिमिती, आत मावतं ते क्षेत्रफळ. एकाचं माप सेंटीमीटर, दुसऱ्याचं चौरस सेंटीमीटर. दोऱ्याला चौरस सेंटीमीटर का नाही, हे दोरा हातात असताना विचारलं तर मूल चटकन सांगतं.

दोन चौरस जोडले तर परिमिती दुप्पट व्हायला हवी ना?

मुलं असंच धरून चालतात, आणि हा अंदाज आधी मुद्दाम करू द्यावा. १ सेंटीमीटर बाजूच्या एका चौरसाची परिमिती ४. दोन शेजारी चिकटवले तर ८ नाही, ६. चिकटलेली कड दोन्ही बाजूंनी आत गेली, म्हणजे दोन एकक गेले.

इथून पुढे मुलं सोडत नाहीत. चार चौरस कडेला कड जोडून पाच वेगवेगळे आकार होतात (फिरवलेले आणि उलटवलेले एकच धरले तर). त्यातल्या चारांची परिमिती १० येते आणि फक्त २ × २ च्या चौरसाची ८. पाच चौरसांचे बारा आकार होतात. अकरांची परिमिती १२, एकाची १०. तो एक कोणता, हे शोधायला वर्गाला अख्खा तास द्या. तो मी इथे सांगत नाही, पण वरच्या ८ मध्येच खूण आहे.

एल आकाराची आकृती आली की सगळं कोलमडतं. सगळ्या बाजू दिलेल्याच नसतात.

८ बाय ६ चा आयत घ्या आणि त्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून ३ रुंद, २ उंच असा तुकडा कापून टाका. आता बाजू सहा झाल्या. खाली ८, डावीकडे ६, वर ५, मग खाली उतरताना २, उजवीकडे जाताना ३, पुन्हा खाली ४. बेरीज २८.

आता मूळ आयताची परिमिती काढा: २ × (८ + ६). तीही २८! तुकडा कापून टाकला तरी परिमिती तेवढीच राहिली. वर्गात खऱ्या कागदाचा कोपरा कात्रीनं कापून हे दाखवलं तेव्हा मुलांनी दोनदा मोजून बघितलं, त्यांना विश्वासच बसेना. कारण असं: कापलेल्या कोपऱ्याची आडवी कड वर सरकवली तर ती वरच्या बाजूतली तूट भरते आणि उभी कड उजवीकडे सरकवली तर उजव्या बाजूतली. रंगीत पेन्सिलीनं आडव्या बाजू लाल आणि उभ्या निळ्या रंगवा. वरच्या लाल बाजूंची बेरीज खालच्या लाल बाजूएवढी असलीच पाहिजे, निळ्यांचंही तसंच. न दिलेली बाजू शोधायची युक्ती हीच आहे.

पण कोपऱ्याऐवजी बाजूच्या मधोमध खाच पाडली तर? ३० बाय २० सेंटीमीटर कागदाची परिमिती १००. मधोमध ५ बाय ५ चा चौकोन कापला तर ती ११० होते. खाचेचा तळ वरच्या बाजूची भरपाई करतो, पण खाचेच्या दोन उभ्या कडा नव्यानं आल्या. कागद कमी झाला आणि परिमिती वाढली, हे हातात धरून बघण्यासारखं आहे.

शाब्दिक उदाहरणात परिमिती काढायची की क्षेत्रफळ, हे कसं ओळखावं?

बऱ्याच गाइडांमध्ये शब्दांच्या याद्या असतात: कुंपण, लेस, फ्रेम म्हणजे परिमिती, फरशी, रंग, गालिचा म्हणजे क्षेत्रफळ. मला या याद्या आवडत नाहीत. मूल शब्द शोधतं आणि गोष्ट वाचत नाही. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद खोलीत फरशीला चारही भिंतींलगत स्कर्टिंग लावायचं आहे, दार १ मीटरचं आहे. यादीवाला मुलगा ‘फरशी’ वाचून १२ लिहितो. ज्यानं डोळ्यांसमोर खोली आणली तो १४ म्हणतो. आणि ज्यानं दारही पाहिलं तो १३ म्हणतो, कारण दारात स्कर्टिंग लावत नाहीत.

दाराची आणखी एक गोष्ट. दाराच्या चौकटीला दिव्यांची माळ लावतात ती तीन बाजूंना, उंबरठ्यावर नाही. शेताच्या तारेच्या कुंपणाला तारेचे तीन वेढे असतील तर परिमितीची तिप्पट तार लागते. २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीला किनार लावायची तर ७ मीटर कापड, वर शिवणीसाठी थोडं जास्त. अशी उदाहरणं आधी करून दाखवावीत किंवा चित्र काढून सांगावीत. “आपण भोवतीनं चाललो की आत पसरलो?” हा एकच प्रश्न मुलानं स्वतःला विचारावा.

मैदानावर काही घेता येईल का?

नक्की. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असतं. परिमिती ४६ मीटर. महिलांचं १२ बाय ८, परिमिती ४०. फक्की मारायच्या दिवशी मुलांना सोबत घ्या आणि बाहेरच्या रेघांना किती लांबीची फक्की पडेल ते आधी काढायला सांगा. मग मध्यरेषा आणि आतल्या रेघा दाखवून विचारा, “ह्या परिमितीत धरायच्या का?” फक्की त्यांनाही लागते, पण त्या भोवतीच्या नाहीत. कर्णाचं माप आकृतीत दिलं असलं की मुलं तेही बेरजेत घेतात. मध्यरेषा मैदानावर पाहिलेलं मूल सहसा घेत नाही.

गोल वस्तूंचं काय?

वाटी, ताटली, बांगडी दोऱ्यानं मोजू द्या. वर्तुळाच्या परिमितीला परीघ म्हणतात, एवढं सांगा. दोरा व्यासावर धरून बघितला की तो तीनदा मावतो आणि थोडासा उरतो. प्रत्येक वाटीला तसंच. ३.१४ वगैरे पुढच्या वर्गात. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना पाहिलेल्या मुलाला सात फेऱ्यांना किती सूत लागेल हे विचारून बघा.

बांगडीचं माप मात्र परिघाचं नसतं. दुकानात ‘दोन-आठ’ म्हणतात ते व्यासाचं माप आहे: २ इंच आणि वर ८ सोळांश, म्हणजे अडीच इंच.

आकार तिरका केला, दाबला, तर परिमिती बदलते का?

चार काड्या टोकांशी टाचणीनं किंवा दोऱ्यानं सैल बांधा आणि चौकोन करून दाबा. काड्या त्याच, म्हणून परिमिती तीच. आतली जागा मात्र दाबाल तशी कमी होत जाते, शेवटी जवळजवळ काही उरत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त नेमकी ही गोष्ट ठासून सांगितली आहे. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ ठरत नाही, कर्ण किंवा लंब कळायला हवा. आणि हे न जाणता जो प्रश्न विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटलं आहे, उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं. मुलांना हा ‘पिशाच’ फार आवडतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारल्याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या शाळांची सहल तिकडे जाते, तेव्हा काड्यांचा चौकोन खिशात न्यायला हरकत नाही.

मापं वेगवेगळ्या एककांत असली तर?

आधी सगळी एकाच एककात लिहून घ्यायची, मगच मिळवायची. १ मीटर ५० सेंटीमीटर आणि ८० सेंटीमीटर असेल तर १५० आणि ८०. दशांश अपूर्णांक यायच्या आधी मीटरकडे नेण्यापेक्षा सेंटीमीटरकडे नेणं सोपं.

बेरजेतच कच्च्या असलेल्या मुलाचं काय?

त्याला छोटे आकडे द्या, किंवा आकडेच देऊ नका. सुतळी भोवतीनं लावायची, सरळ करायची, टेपवर ठेवायची. परिमिती काढून झाली. बेरीज येत नाही म्हणून त्याला परिमितीपासून दूर ठेवलं तर दोन्ही राहतात. ज्या मुलांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून आकार करा आणि सुरुवातीच्या कोपऱ्यावर एक मणी लावा. तोच ठिपका, बोटांसाठी.

शिष्यवृत्तीच्या तयारीत काय वेगळं लागतं?

उलटे प्रश्न. परिमिती ३६, लांबी ११, तर रुंदी किती? सूत्र पाठ केलेलं मूल इथे चाचपडतं. त्याला अर्धी फेरी आठवून द्या: पूर्ण फेरी ३६, म्हणजे एक लांबी आणि एक रुंदी मिळून १८, म्हणून रुंदी ७.

जास्त भूक असलेल्या मुलाला हे द्या: असे आयत शोध, ज्यांच्या परिमितीचा आणि क्षेत्रफळाचा आकडा सारखाच येतो आणि बाजू पूर्ण संख्या आहेत. असे दोनच आहेत, ४ बाय ४ आणि ३ बाय ६. पहिला पटकन सापडतो, दुसऱ्यासाठी झगडावं लागतं.

मुलाला खरंच समजलं, हे कसं ओळखू?

आकृती देऊन परिमिती विचारू नका. परिमिती द्या आणि आकृती मागा. “चौकटीच्या वहीत २० सेंटीमीटर परिमितीची आकृती काढ. मग दुसरी काढ, पहिलीसारखी नको.” पहिली बहुतेक ६ बाय ४ ची किंवा ५ चा चौरस येते. दुसऱ्यापासून खरं दिसायला लागतं. गेल्या वर्षी एका मुलानं पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढली, वर चढत जाणारी, आणि प्रत्येक पायरीवर छोट्या टिका केल्या होत्या. कडा मोजून झाल्यावर त्यानं कोपऱ्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, इथून निघालो आणि इथेच आलो. वीस.”